भट्टीशेजारचा बीबीसी

(जुनी यंत्रं जमवणाऱ्या, जपणाऱ्या आणि अधूनमधून जाळणाऱ्या वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : उद्यमनगरात एका भंगारवाल्याकडं पत्र्याचा एक जड कप्पा मिळाला. पुढं ॲल्युमिनियमची जाड पट्टी, दोन्ही टोकांना पकडायच्या मुठी, एक किल्लीचा स्विच, एक लाल बटण. झाकण काढलं तर आत बीबीसी मायक्रोचा (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश घरगुती संगणक) बोर्ड सपाट बसवलेला! पेटी नाही, कीबोर्ड नाही. शेजारी हातानं बनवलेलं छोटं कार्ड आणि मागच्या पट्टीकडं जाणाऱ्या वायरी. मित्र म्हणतो, कुणीतरी चांगल्या संगणकाचं वाटोळं केलंय. मला वाटतं, ही कंपनीनंच काढलेली दुर्मीळ औद्योगिक आवृत्ती आहे. फोटो जोडलेत. खरं काय?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रश्न : माझ्या एका मित्राला भंगारात रॅकमध्ये कोंबलेला बीबीसी मायक्रो मिळालाय आणि तो हवेत आहे. मी घरगुती संगणक जमवतो. माझ्या मते घरगुती संगणक म्हणजे पेटी, कीबोर्ड आणि बोर्ड, तिन्ही एकत्र. पेटी गेली की उरतो तो सुटा भाग. बोर्ड काढून चांगल्या पेटीत बसवला तर एक यंत्र जिवंत होईल. त्याला जरा समजावून सांगा.
— एक संग्राहक, शाहूपुरी

उत्तर : दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. तुम्ही एकमेकांना न सांगता लिहिलंय हे उघड आहे, त्यामुळं उत्तरही दोघांना एकदमच देतो. चहा पीत एकत्र वाचा.

आधी उद्यमनगरवाल्यांना. ही कंपनीची आवृत्ती नाही, आणि हे फोटोवरूनच सांगता येतं. पुढच्या पट्टीच्या कानांवरची भोकं बघा. एकोणीस इंची रॅकची (यंत्रांचे कप्पे एकावर एक बसवायची लोखंडी चौकट) पट्टी ४८२.६ मिलिमीटर रुंद असते आणि उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. रॅकच्या उभ्या पट्ट्यांवरची भोकं मात्र समान अंतरावर नसतात. १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर अशी ती पुन:पुन्हा येतात. ज्यानं तयार रॅक समोर ठेवून काम केलं, त्याची भोकं या हिशोबात बसतात. तुमच्या पट्टीवरची चारही भोकं कानसीनं लांबवलेली आहेत. म्हणजे माणसानं आधी भोकं पाडली, मग रॅकला लावून बघितली, बसली नाहीत, मग कानस घेतली. कारखान्यातल्या प्रेसवर असं होत नाही. हे आपल्याकडचं काम आहे, आणि बहुधा तुमच्या गल्लीपासून फार लांबचंही नसावं.

आता शाहूपुरीवाल्यांनी लगेच ‘बघ, मी म्हणत होतो’ असं म्हणू नये. घाईघाईत केलेलं वाटोळं असं दिसत नाही. तिसरा फोटो मोठा करून बघा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आकड्यांचे फेरूल (वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या) आहेत. लग दाबलेले आहेत, नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली घातलेल्या नाहीत. वायरींची जुडी मेणदोऱ्यानं ठराविक अंतरावर बांधलेली आहे, इन्सुलेशन टेप कुठंच नाही. पॅनेल वायरिंग शिकलेल्या माणसाचा हात आहे हा. माझं सगळं आयुष्य फाउंड्र्यांमध्ये तापमानाची उपकरणं लावण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळं असा हात ओळखू येतो. असा माणूस हौसेखातर संगणक फोडत नाही. त्याला साहेबानं काम दिलेलं असतं.

काम काय होतं तेही पट्टीवर कोरलेलं आहे, दोघांनीही लिहिलं मात्र नाही! किल्लीच्या स्विचशेजारी पँटोग्राफ मशिनवर कोरलेली अक्षरं आहेत : ‘भट्टी १’, ‘भट्टी २’, ‘पाणी’. कोरीव अक्षरांत भरलेला पांढरा रंग निम्मा उडालाय, पण वाचता येतं. चौथी जागा कोरी आहे. आणि बीबीसी मायक्रोला किती अ‍ॅनालॉग चॅनेल, म्हणजे बदलता व्होल्टेज मोजायच्या वाटा, असतात? चार. तीन वापरले, एक शिल्लक ठेवला.

म्हणजे इंडक्शन भट्टीचं (विजेच्या कॉइलनं धातू वितळवणारी) तापमान आणि कॉइलमधून फिरणाऱ्या थंड पाण्याचं तापमान. कॉइलचं पाणी तापलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर काय होतं, हे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही मेल्टरला विचारा. तिसरा चॅनेल पाण्याला देणाऱ्यानं डोकं ठिकाणावर ठेवून काम केलंय.

आता ते छोटं कार्ड. त्यावर तीन आठपायी आयसी आणि तीन निळे प्रीसेट (स्क्रूनं जुळवायचे रोध) दिसतात. हे अ‍ॅम्प्लिफायर आहेत, आणि ते का लागतात ते आकड्यांत सांगतो. वितळलेल्या बिडाचं तापमान १४०० ते १५०० अंशांच्या घरात. ते मोजायला सळईच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी लावून आत प्लॅटिनमचा थर्मोकपल (तापमानानुसार बारीक व्होल्टेज देणारी तारांची जोडी) बुडवतात. एस प्रकारचा थर्मोकपल १४५० अंशांना जेमतेम १५ मिलिव्होल्ट देतो. बीबीसीचं अ‍ॅनालॉग पोर्ट साधारण १.८ व्होल्टपर्यंत मोजतं. म्हणजे शंभरपट मोठं करायचं, की दीड व्होल्ट झाले आणि वर थोडी जागाही उरली. मग बेसिक या यंत्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅडव्हाल हा शब्द आणि कंसात चॅनेलचा आकडा लिहिला की मोजमाप हातात. आकडा शून्यापासून ६५,५२० पर्यंत, सोळा-सोळाच्या पायऱ्यांनी चढतो, कारण आतला कन्व्हर्टर १२ बिटांचा. एका चॅनेलला १० मिलिसेकंद लागतात, चारांना ४०. भट्टीच्या मानानं हे विजेच्या वेगाचं झालं.

प्रीसेटच्या स्क्रूवर लाल ठिपके दिसतायत? ती नेलपॉलिश आहे. कॅलिब्रेशन झालं की स्क्रू हलू नये म्हणून आम्ही सगळेच लावायचो. ते ठिपके खरवडू नका. त्या माणसानं शेवटचं जुळवलेलं माप अजून त्या स्क्रूत आहे.

लाल बटण म्हणजे ब्रेक. मूळ यंत्रात ती कळ कीबोर्डवर असते आणि दाबली की यंत्र नव्यानं सुरू होतं. कीबोर्ड ड्रॉवरमध्ये किंवा ऑफिसात गेला असणार, म्हणून ही एक कळ तेवढी पुढं आणली. किल्लीचा स्विच कशासाठी, हे रात्रपाळी केलेल्याला सांगावं लागत नाही.

शाहूपुरीवाल्यांचा मूळ मुद्दा असा की घरगुती संगणकाची जागा घरात. त्याला माझं उत्तर जरा इतिहासातून. बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न ही केंब्रिजची कंपनी घरासाठी यंत्रं बनवायच्या आधी रॅकसाठीच बनवत होती. १९७९ चं त्यांचं सिस्टिम वन म्हणजे दोन छोटे युरोकार्ड (ठराविक मापाचे सर्किट बोर्ड), प्रत्येकी १०० बाय १६० मिलिमीटर, एकावर एक बसवलेले. पुढची सिस्टिम टू, थ्री वगैरे एकोणीस इंची रॅकमध्येच जायची आणि गिऱ्हाईक होते प्रयोगशाळा आणि कारखाने. डोकं तेच, ६५०२ प्रोसेसर. १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो आला, त्यात हाच ६५०२ दोन मेगाहर्ट्झवर धावतो आणि मॉडेल बीमध्ये ३२ किलोबाइट स्मृती. पण एकॉर्ननं प्रयोगशाळेची सवय सोडली नाही. चार अ‍ॅनालॉग चॅनेल, आठ बिटांचं यूजर पोर्ट, बाहेरची कार्डं जोडायला एक मेगाहर्ट्झची बस, सीरियल पोर्ट. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या घरगुती यंत्राच्या पोटाखाली इतकी पोर्टं होती, सांगा! गेम खेळणाऱ्या पोराला यातलं निम्मंसुद्धा लागत नव्हतं. इंग्लंडातल्या जोड्रेल बँक वेधशाळेत ४२ फुटी रेडिओ दुर्बीण वळवायला २००४ सालीही बीबीसी मायक्रो कामाला होता. तेव्हा भट्टीशेजारी बसलेला बीबीसी वाट चुकलेला नाही. तो आपल्या आजोळी गेला होता म्हणा हवं तर.

आपल्याकडं हे यंत्र आलं कसं? १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो शाळाशाळांत पोचले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सनं याच यंत्राची भारतीय आवृत्ती युनिकॉर्न नावानं काढली. तुमचा बोर्ड कुठला, हे कडेला छापलेल्या अक्षरांवरून कळेल, पण तो फोटो नेमका हललाय. पुन्हा काढून पाठवा.

आता कामाचं. बोर्डाच्या उजव्या हाताला रॉमच्या (कायमचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपा) सॉकेटांची रांग आहे. त्यात एका चिपवर कागदी स्टिकर आणि त्यावर बॉलपेननं तारीख लिहिलेली दिसते. ती ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम आहे. स्टिकरखाली काचेची खिडकी असते आणि खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतलं सगळं पुसतं. थेट उन्हात आठवडाभरात, ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत. स्टिकर काढू नका. लिहिलेलं नीट दिसावं म्हणून ओल्या फडक्यानं पुसूही नका. अशी चिप कधी ना कधी आपोआपही विसरते, म्हणून कप्पा चालू करून बघायच्या आधी ती वाचून घ्या. ईप्रॉम प्रोग्रॅमर हल्ली पुष्कळांकडं असतो. चिप सरळ वर उचला, एका बाजूनं स्क्रूड्रायव्हर घालून तरफ दिली की पाय मोडतात. दोनदा वाचा, दोन्ही फायली ताडून बघा. चिपवर २७६४ असेल तर ८ किलोबाइट, २७१२८ असेल तर १६.

ती चिप सर्वांत उजवीकडच्या सॉकेटात असेल तर गंमत आहे. चालू होताना बीबीसी उजवीकडून शोधत येतो आणि पहिली जी भाषेची रॉम भेटेल तिच्या ताब्यात यंत्र देतो. नेहमी ती भाषा बेसिक असते. इथं त्या माणसानं आपला प्रोग्रॅम बसवला असेल तर किल्ली फिरवल्याफिरवल्या पडद्यावर भट्टीचे आकडे येत असणार, कुणी काही टाइप न करता. पुढंमागं कीबोर्ड मिळाला तर तारांकन देऊन हेल्प टाइप करा, आत बसलेल्या रॉमची नावं यंत्र स्वतःच सांगेल.

म्हणून शाहूपुरीवाले, बोर्ड काढू नका असं माझं स्पष्ट मत. पेटीतले बीबीसी मायक्रो दहा लाखांहून जास्त विकले गेले, शोधला तर आणखी एक मिळेल. ‘भट्टी १’ कोरलेला एकच आहे. कप्प्यातून बोर्ड निघाला की कार्ड टेबलावर राहतं, मग डब्यात, मग ज्याच्या घरी डबा त्याच्या बायकोच्या हातून भंगारात. आणि ‘मूळ रूप’ म्हणाल तर या बोर्डाचं नोकरीतलं रूप हेच आहे. त्याला पेटी चढवली की दोन यंत्रं मोडून एक अर्धवट यंत्र तयार होईल.

पण उद्यमनगरवाल्यांनीही ‘दुर्मीळ औद्योगिक आवृत्ती’ असं लिहून विकायला काढू नये. ते खोटं आहे. जे आहे ते लिहा : बीबीसी मायक्रो, रॅकमध्ये बसवलेला, स्थानिक काम, फाउंड्रीत तापमान नोंदवायला वापरलेला. जाणकार माणूस यालाच जास्त पैसे देईल.

उघडण्याआधी एक काळजी. फाउंड्रीतली धूळ साधी नसते. काळ्या वाळूबरोबर लोखंडाची बारीक भुकटीही असते आणि ती आयसीच्या पायांत बसली तर शॉर्ट. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती भुकटी सॉकेटांत आणखी खोल जाते. मऊ ब्रश हातात आणि शेजारी व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड, असं सावकाश. त्याआधी प्रत्येक वायरीचा आकडा आणि जागा वहीत उतरवा, कारण जुने फेरूल कडक होऊन गळतात.

प्रश्न : माझ्याकडं पेटीतला, अगदी स्वच्छ बीबीसी मॉडेल बी आहे. चालू केला, ‘बूऽ-बीप’ आवाज आला, पडदाही आला. थोड्या वेळानं मागून पांढरा धूर आणि असा वास की घरच्यांनी बाहेर काढलं. मला की यंत्राला, ते विचारू नका. यंत्र गेलं का?
— वाचक, कागल

उत्तर : बहुतेक नाही. तो दुहेरी आवाज आला म्हणजे बोर्ड शहाणा होता. नुसता लांबलचक ‘बूऽऽ’ येऊन थांबलाच नसता तर काळजी होती.

धूर पॉवर सप्लायमधून आला. त्यात मेन्स लाइनवर गोंगाट गाळणारे दोन कॅपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक चौकोनी ठोकळे. आत धातूचा मुलामा दिलेला कागद. वर्षांनुवर्षांत वरच्या प्लास्टिकला केसाएवढ्या भेगा जातात, भेगांतून दमट हवा आत शिरते, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. मग २३० व्होल्ट मिळाले की ते फुगतात, फुटतात, धूर सोडतात. वास दोन दिवस जात नाही.

दोन्ही बदला, फुटला तो एकच असला तरी. दुकानात ‘एक्स टू, २७५ व्होल्ट एसी’ असं सांगा आणि पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. साधे ४०० व्होल्ट डीसीवाले कुणी खपवू लागला तर घेऊ नका, मेन्सवर ते चालत नाहीत. डबा उघडण्याआधी प्लग काढून थांबा आणि मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर लावून बघा. तिथं सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी साठलेलं असतं आणि ते माणूस ओळखत नाही. मेन्सच्या कामाचा हात नसेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पुन्हा चालू करताना वायरमनचा सिरीज बोर्ड वापरा, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद.

आणि उद्यमनगरवाले, हे तुम्हालाही लागू. तुमच्या कप्प्यात मूळ सप्लाय नाही, मोठा ट्रान्सफॉर्मर दिसतोय. तेव्हा बोर्डाकडं जाणारी वायर सोडवून आधी नुसता सप्लाय मोजा. पाचाच्या जागी सात व्होल्ट निघाले तर इतका वेळ मी लिहिलेलं सगळं वाया.

प्रश्न : बीबीसी नव्या टीव्हीला पिवळ्या पिनेतून जोडला. चित्र येतं, पण काळं-पांढरं. बिघाड आहे का?
— वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बिघाड नाही. कारखान्यातूनच मॉडेल बीच्या त्या पिनेवर रंग दिलेला नसायचा. बोर्डावर एक लिंक आहे, ती जोडली की येतो. पण अक्षरं वाचायची असतील तर काळं-पांढरंच बरं, रंगात ऐंशी अक्षरांची ओळ पसरते.

प्रश्न : अशा रॅकवाल्या यंत्राला किती किंमत मागावी?
— तीन वाचक, तिघंही नाव-गाव न देता

उत्तर : या सदरात किंमत सांगत नाही. सांगितली की भंगारवाले हे पान कापून दुकानात लावतात.

प्रश्न : वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक २०१९ च्या महापुरात दोन दिवस पाण्यात होता. नंतर पुसून पोत्यात ठेवला. आता उघडलाय, आत वाळलेला गाळ. वाचेल का? चार्जर हरवलाय, घरातला ९ व्होल्टचा कुठलाही चालेल ना?
— वाचक, शाहूपुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, कुठलाही चालणार नाही. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या बरोबर उलटे. व्होल्ट तेच, पिन तीच, खटकन बसते, आणि आतला ट्रान्झिस्टर व स्मृतीच्या चिपा जातात. मीटरनं तपासल्याशिवाय लावू नका.

यंत्र वाचायची शक्यता बरी आहे. पंचगंगेचं पाणी गढूळ असलं तरी खारं नाही, समुद्राच्या पाण्यात बुडाला असता तर इतक्या वर्षांत पाय खाऊन टाकले असते. बोर्ड पेटीतून काढा. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या वर ओढून सोडवा. त्या बहुधा तुटतीलच, प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं. नवी पट्टी विकत मिळते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वाळलेला गाळ कोरडा खरवडू नका, वाळूच्या कणांनी तांब्याच्या रेषांना चरे जातात. बोर्ड स्वच्छ पाण्यात भिजवा, गाळ फुगू द्या, मऊ टूथब्रशनं सोडवा. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पंख्याखाली दोनतीन दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर नको. टीव्हीला जोडायच्या वायरीच्या मुळाशी एक चौकोनी पत्र्याची डबी आहे, तिच्यात गाळ अडकतो. झाकण उचलून तीही धुवा.

हे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं सिंक्लेअरच्या परवान्यानं १९८६ च्या सुमारास काढलेलं यंत्र आहे, तेव्हा वडिलांकडं खोका, पावती, कॅसेट काही कोरडं राहिलंय का ते माळ्यावर बघा. पुराचं पाणी तिथपर्यंत गेलं नसेल. सापडलं तर यंत्राबरोबरच ठेवा, आणि शाहूपुरीतच राहता तर वरच्या संग्राहकांना गाठा. त्यांना सध्या एक पेटीतलं यंत्र हवंच आहे, निदान बघायला तरी.